सामोरं गेलेलं गाव

या, पुढं सरका. मागं भिंतीला टेकून बसलेल्या मंडळींनीही या. गोष्ट थंडीच्या मुलखातली आहे, अंगाला अंग लागलेलं बरं. टाळ जरा मांडीवर ठेवा. आज अभंग नाही, आज आख्यान. आणि तेही असं, की जे अजून घडलेलं नाही, पण उंबऱ्यापर्यंत येऊन ठेपलंय. देवळात फक्त होऊन गेलेल्याच गोष्टी सांगाव्यात असा काही नेम नाही. काल त्याचा, तसा उद्याही त्याचाच. ऐकून पदरात काही पडलं नाही तर बुक्का न लावता घरी जा, मी वाईट वाटून घेणार नाही.

बुवा आधी निरूपण करतात आणि मग कथेला हात घालतात. माझं निरूपण अगदी थोडकं. दोन गावांमधलं अंतर किती, असं कुणी विचारलं की आपण मैल सांगतो, नाहीतर तास सांगतो. गावं जागची हलत नाहीत, तेव्हा त्यांच्यातलं अंतरही हलायचं नाही, असं मनाशी धरून चालतो. निरंजन केळुसकर तसाच धरून चालला होता. आणि तो तर याच विद्येतला माणूस, विमानांच्या वाटा आखणारा. तेव्हा आपली काय कथा.

तर ऐका.

पृथ्वीच्या अगदी माथ्यावर, जिथं समुद्र वर्षातले आठ-नऊ महिने दगडासारखा गोठून असतो, तिथं इन्युइट लोकांची दोन गावं. थोरलं सिकुविक. तिथं इस्पितळ, शाळा, लांब धावपट्टी, दोन दुकानं. धाकटं तुलिमाक, चारशे वस्तीचं, एका खाडीच्या कुशीत. दोहोंच्या मधे रस्ता नाही, घर नाही, झाड तर औषधालाही नाही. नुसता बर्फ आणि त्यावरून वाहणारा वारा.

तुलिमाकमध्ये पोरं उदंड होती, पण चाळीस वर्षांत तिथं एकही मूल जन्मलं नव्हतं. नियमच तसा होता. जिथं दोन तासांच्या आत जाणती सुईण पोचू शकत नाही, तिथं बाळंतपण करायचं नाही. नियम वाईट नव्हता, बायकांच्या जिवासाठीच होता. पण त्यामुळं व्हायचं असं, की दिवस भरत आले की बाईनं एकटीनं विमानात बसायचं, सिकुविकच्या वसतिगृहात महिना महिना भिंतीकडं बघत काढायचा, आणि मूल झालं की ते गुंडाळून घेऊन परत. बापाला लेकराचं तोंड दिसायचं ते धावपट्टीवर. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. तिथं कुठलंच बाळंतपण ना माहेरी, ना सासरी.

सिकुविकच्या इस्पितळातली जाणती सुईण म्हणजे आपली गिरिजा. कुडाळकडची. नवरा निरंजन हवामानशास्त्रातला. दोन वर्षांसाठी म्हणून गेले आणि तिथलेच झाले. त्यांची लेकही सिकुविकलाच झाली. बाळंतपणाला गिरिजाची आई यायला निघाली होती, तीन विमानं बदलून. शेवटच्या विमानाच्या वेळी धुकं उतरलं, ते हलेना. माउली पोचली ती थेट बारशालाच. मेथीचे लाडू तोवर गिरिजाला नको झाले होते, आणि आईला तर तोंड दाखवायला जागा राहिली नाही असं वाटत होतं, जणू धुकं तिनंच पाडलं. निरंजन त्या दिवसापासून या कामाला लागला. विमान उडेल की नाही ते आभाळानं ठरवायचं, ही गोष्ट त्याला सोसेना.

आता थोडं विज्ञान. घाबरू नका, चुलीपाशी बसून कळेल इतकंच आहे. थंड हवा जड असते. बर्फावर ती गोधडीसारखी पसरून राहते, हलत नाही. तिच्या वर जरा उबदार हवा. आणि या दोहोंच्या सांध्यावर, जमिनीपासून तीन-चारशे मीटर उंचीवर, वारा घसरत जातो, ओल्या शहाबादी फरशीवरून पाट ढकलावा तसा. खाली कशाशी घासणं नाही, म्हणून त्याला वेग फार. हवेतल्या या नद्या शास्त्रज्ञांना जुन्याच माहीत होत्या. माहीत नव्हतं ते एवढंच, की आत्ता, या घटकेला, नदी नेमकी कुठून वाहतेय.

ते कळायला निरंजननं आणि त्याच्या सोबत्यांनी म्हाताऱ्या सोडल्या. रुईचं बोंड उकललं की पांढऱ्या केसांची म्हातारी उडते, आपण तळहातावर घेऊन फुंकतो, तीच. तशाच बनावटीचं, पिसाहून हलकं, मातीत पडलं की विरून जाणारं एक बी. त्याच्या पोटात मोहरीएवढं यंत्र. ते वाऱ्यावर तरंगत इतकंच सांगत राहतं, की मी इथं आहे आणि एवढ्या वेगानं निघालेय. अशा हजारो म्हाताऱ्यांचं बोलणं एका गणकयंत्रानं ऐकायचं आणि दर थोड्या वेळानं वाऱ्याचा ताजा नकाशा काढायचा. त्या नकाशावर चालणारं विमान चार जणांचं, विजेवरचं, पायाला चाकांऐवजी घसरपट्ट्या, आणि चालक नाहीच. घरात त्याला सगळे पाकोळी म्हणायचे.

पाकोळी सरळ गेली तर तुलिमाक चारशे वीस किलोमीटर. पण त्या थंडीत बॅटरी तेवढी पुरायची नाही. म्हणून ती वाऱ्याच्या नदीत शिरून, वळणं घेत, शे-सव्वाशे किलोमीटर जादा जायची, आणि तरी लवकर पोचायची, कारण निम्मं काम वारा करायचा. लांबची वाट जवळची ठरली. येताना मात्र तोच वारा तोंडावर, म्हणून परतीला दुप्पट वेळ. गिरिजा म्हणायची, यात कसलं आलंय विज्ञान, माहेरची वाट आणि सासरची वाट कधी सारखी असते का?

आरोग्य खात्यानं एक हिवाळा परीक्षेचा ठरवला. तुलिमाकहून हाक आली, की त्या क्षणापासून गिरिजाचा हात रुग्णाला लागेपर्यंत दोन तास. सबंध हिवाळा हे जमलं, तर तुलिमाकमध्ये बाळंतिणीची खोली उघडायची. एकदा जरी चुकलं, तरी कागद बांधून ठेवायचे, आणि असे कागद पुन्हा किती वर्षांनी सुटतात ते तुम्हांआम्हांला ठाऊक आहे.

पहिल्याच फेऱ्यांत अडचण आली, आणि ती वाऱ्याची नव्हती.

तुलिमाकची रीत अशी, की बाहेरून कुणी आलं तर सगळं गाव धावपट्टीवर जमायचं. ओळीनं उभं राहायचं, थोरल्यांपासून तान्ह्यांपर्यंत, आणि आलेल्यानं प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा. एकही सोडायचा नाही. झोळीतलं मूल झोपलेलं असलं तरी त्याचा मोज्यातला हात बाहेर काढून द्यायचे. ओळीच्या आरंभी एलिसापी नावाची आजी असायची. सत्तरीच्या पुढची, बुटकी, चेहऱ्यावर बर्फाळ उन्हाच्या रेघा. तिचा हात सर्वांत आधी.

गिरिजाला हे फार आवडायचं. निरंजनला सिकुविकमध्ये पडद्यावर फक्त घड्याळ दिसायचं. हात मिळवण्यात किती वेळ जातोय, ते दिसायचं. त्यातून एकदा असं झालं, की हौसेनं लोक थेट पट्टीवर आले. चालक नसलेलं विमान माणसं दिसली की उतरत नाही, ते त्याच्या रक्तातच घातलेलं. पाकोळीनं वर दोन घिरट्या घेतल्या आणि दोन तास कसेबसे साधले.

तुलिमाकमध्ये गावचा रेडिओ आहे. दुपारच्याला सगळी घरं तो लावतात, त्यावर कुणी हरवलेला हातमोजा विचारतं, कुणी लेकीला निरोप देतं. निरंजननं त्या रेडिओवर सांगितलं, की परीक्षेचा काळ संपेपर्यंत धावपट्टीवर कुणी येऊ नये, बर्फावरची स्लेजगाडी हाकणारा एकटाच यावा, बाकीच्यांनी घरातच बसावं. नम्रपणे सांगितलं, कारणंही दिली. एलिसापीआजीनं रेडिओवरच विचारलं, पाहुणा येतो आणि आम्ही घरात बसायचं, मग तो कुणाकडे आला म्हणायचा? निरंजन म्हणाला, आजी, आपुलकी मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही, वेळ मोजणारं आहे. बोलताना त्याला ते वाक्य चांगलं वाटलं होतं. पुढच्या माणसानं हरवलेल्या कुत्र्याबद्दल विचारलं.

गावानं ऐकलं. त्यानंतर गिरिजा उतरायची तेव्हा पट्टीवर चिटपाखरू नसायचं. खिडक्यांमधून चेहरे दिसायचे, पण हात नाही. वेळ छान साधला जाऊ लागला. पण तुलिमाकच्या दवाखान्यात येणाऱ्या बायका कमी कमी होत गेल्या. आल्या तरी विचारलं तेवढंच सांगायच्या. पूर्वी ज्या बाईनं आपल्या नवऱ्याच्या घोरण्यापासून सगळं सांगितलं असतं, ती आता जीभ दाखवून घरी जायची.

एकदा जेवताना गिरिजानं निरंजनसमोर विषय काढला. तिनं आमटीचा डाव हातातच ठेवला होता.

“आपल्या वाडीत बुवा यायचे कीर्तनाला, आठवतं?” ती म्हणाली. “अख्खी वाडी बत्त्या घेऊन ओढ्यावरच्या साकवापर्यंत जायची. बुवांना वाट माहीत नव्हती म्हणून नव्हे. दरवर्षी येणारा माणूस तो. तरी त्याला एकट्याला कुणी आत येऊ दिलं नाही. तू असतास तर साकवावर पाटी लावली असतीस, घरात बसा म्हणून.”

“साकवावर दोन तासांची अट नव्हती,” निरंजन म्हणाला.

“नव्हती. म्हणून तर लोक पोचायचे.”

तो ताटात भात कालवत बसला. खरं तर त्याचं चुकलं नव्हतंही. माणसं पट्टीवर असली तर विमान उतरत नाही, हे खोटं थोडंच होतं? पण बरोबर असूनही माणूस एकटा पडतो, तशी त्याची गत झाली होती.

हिवाळा सरत आला. त्या मुलखात सूर्य दोन महिने तोंड दाखवत नाही, आणि मग एके दिवशी दुपारी क्षितिजावर नारिंगी कडा येते, मुलं शाळा सोडून बघायला धावतात. ती कडा येऊन चार-सहा दिवस झाले असतील. परीक्षेचे थोडेच दिवस उरले होते. तुलिमाकमध्ये एलिसापीआजीची नात मीका पोटुशी होती. दुसरी खेप, सगळं ठीक. चाळीस वर्षांत असा हट्ट धरणारी ती पहिलीच, की मी वसतिगृहात जाणार नाही, माझं मूल इथं होईल. गिरिजा आठवडाभर आधीच जाऊन राहायची होती. पण पोटातल्या जिवाला ठरलेल्या तारखा कुणी सांगायच्या? दोन आठवडे आधीच, भर दुपारी, कळा सुरू झाल्या. दवाखान्यातल्या नर्सनं तपासलं. मूल फिरलं होतं. पाय खाली. पायाळू.

पायाळू मूल सोडवणं ही हातांची विद्या आहे. ओढायचं नाही, थांबायचं किती ते कळलं पाहिजे. नर्सनं ते कधी केलं नव्हतं. गिरिजानं केलं होतं, बऱ्याचदा. हाक आली तेव्हा ती कोट चढवत चढवतच पाकोळीत बसली.

निम्मी वाट झकास गेली. नदी भरून वाहत होती. निरंजन पडद्यापाशी होता. आणि मग त्याला म्हाताऱ्या विखुरताना दिसल्या. इतका वेळ एका ओळीत चाललेल्या, त्या इकडंतिकडं, वर-खाली भरकटू लागल्या. तुलिमाकच्या खाडीच्या तोंडाशी समुद्राचा बर्फ उकलला होता. मैलभर लांबीची भेग पडून खालचं काळं पाणी उघडं पडलं होतं. पाण्याची वाफ वर निघाली, हवा तापली, आणि ती थंड गोधडी तिथं फाटली. गोधडीच नाही म्हटल्यावर तिच्यावरून घसरणारा वारा कुठला? नदी अर्ध्यात आटली. पुढं होता तो उलटा, तोंडावरचा वारा.

यंत्रानं क्षणात हिशेब मांडला. बॅटरी गावापर्यंत पुरत नाही. गावाअलीकडं तीस किलोमीटरवर एक गोठलेलं तळं आहे, तिथं सुखरूप उतरता येईल. गिरिजाच्या जिवाला धोका नव्हता. पण तळ्यापासून पुढं काय? सिकुविकहून दुसरं विमान, ते वारा पुन्हा जुळल्यावर. गावातून एक स्नोमोबाइल, बर्फावरची मोटरसायकल, पाठवली, तर जाताना ती जाईल. पण तोवर जमिनीलगतचं बर्फाचं पीठ उडायला लागलेलं असेल, हातभर पुढचं दिसणार नाही, परतीला एकटा माणूस भेगा चुकवत, चाचपडत येणार. यंत्र म्हणालं, किमान तीन तास. यंत्र खोटं बोलत नव्हतं.

निरंजननं घड्याळाकडं पाहिलं. मग पडद्यावरच्या दोन ठिपक्यांकडं. एक ठिपका सरकत होता, पाकोळीचा. दुसरा स्थिर होता, तुलिमाकचा. तो स्थिरच असतो. नकाशात गाव खिळा मारून बसवलेलं असतं. तो त्या स्थिर ठिपक्याकडं बघत राहिला, आणि त्याला एकाएकी साकव दिसला, आणि साकवापर्यंत आलेल्या बत्त्या.

त्यानं तुलिमाकच्या रेडिओला हाक दिली. दुपारची वेळ, घराघरात रेडिओ चालू, आणि नात अडलेली असल्यामुळं एलिसापीआजी तिथं माइकपाशीच बसून होती.

“आजी, मी निरंजन. मी तुम्हाला घरात बसायला सांगितलं होतं.”

“ऐकलं होतं,” आजी म्हणाली. “बसलोय.”

“आता बाहेर या. गिरिजा तळ्यावर उतरतेय. तिथून पुढं यायला तिला वाट दिसणार नाही. तिला सामोरं या.”

खरखरीतून आजीचा आवाज आला.

“किती जण?”

“सगळे.”

“पट्टीवर माणसं नकोत म्हणाला होतास.”

“आजी, पट्टी आता तुम्हीच आहात,” निरंजन म्हणाला. “माझी तळ्यापाशी संपली.”

पुढचं सांगताना मला दरवेळी गहिवर येतो, तेव्हा सांभाळून घ्या.

गाव उठलं. कुणी कुणाला दोनदा सांगितलं नाही. स्नोमोबाइली घरोघरी होत्याच. जाणते शिकारी पुढं, त्यांना बर्फाचा भरवसा कुठं धरायचा आणि कुठं नाही ते पावलागणिक ठाऊक. वारा अजून पुरता उठला नव्हता, जायची वाट दिसत होती. प्रत्येक वळणावर, प्रत्येक भेगेच्या कडेला, जिथं बर्फाचे सुळके चढून आलेत तिथं, एकेक गाडी थांबत गेली. दिवा गावाकडच्या नव्हे, तळ्याकडच्या अंगाला वळवलेला. एक गाडी, तिच्यापाशी एक-दोन माणसं, हातात बिनतारी फोन. बाकीच्या पुढं. पुन्हा एक थांबली. बाकीच्या पुढं.

सगळ्यांत पुढच्या स्लेजवर एलिसापीआजी. तिच्या सुनेनं अडवलं होतं, की आत्या, नात आत तळमळतेय आणि तुम्ही कुठं निघालात. आजी म्हणाली, आत बसून मी काय करणार, देवाला हाकच मारणार ना? ती तळ्यावरूनही पोचते.

सिकुविकमध्ये निरंजनच्या पडद्यावर फोनचे ठिपके उगवू लागले. एक जण पोचला की आवाज यायचा, मी उभा आहे. त्यानं त्या आवाजापाशी ठिपका टाकायचा. मी उभी आहे. आणखी एक. गावाच्या जुन्या ठिपक्यापासून दुसरा, तिसरा, मग खाडी ओलांडून, टेकाडाला वळसा घालून, तळ्याच्या दिशेनं. तो मोजत नव्हता, नुसता बघत होता. पडद्यावर तुलिमाक लांबत चाललं होतं. इतकी वर्षं त्यानं विमान गावापर्यंत कसं न्यायचं याचा विचार केला. गाव हलू शकतं, हे त्याच्या यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानंही नाही.

पाकोळी तळ्यावर टेकली तेव्हा तिथं एकही माणूस बर्फावर नव्हता. आजीनं सगळ्यांना काठावरच धरून ठेवलं होतं. म्हणाली, निरंजनच्या पाखराला माणसं आवडत नाहीत, बसू दे त्याला आधी. दार उघडलं, गिरिजा उतरून धावत काठाशी आली. समोर आजी. इतक्या घाईतही गिरिजाला सवय सुटली नाही, तिनं हातमोजा काढला आणि हात पुढं केला. सर्वांत आधी आजीचा हात, ही रीत.

आजीनं तिचा हातमोजा उचलून परत तिच्या बोटांवर चढवला.

“हात राहू दे,” ती म्हणाली. “ते हात गरम ठेव. आधी मीका.”

घड्याळाचं महत्त्व या बाईला समजावून सांगायला निघालेला मनुष्य सिकुविकमध्ये कानाला यंत्र लावून हे ऐकत होता.

गिरिजाला घेऊन स्लेज सुटली, आजी दिवा धरून काठावरच राहिली. एव्हाना बर्फाचं पीठ कमरेइतक्या उंचीनं वाहू लागलं होतं. हाकणाऱ्याला स्वतःच्या गाडीचं नाक दिसत नव्हतं. पण पुढं एक पिवळा दिवा दिसायचा. दिव्यापाशी पोचलं की एक माणूस हात वर करून उभा, आणि त्याच्यापलीकडं पुढचा दिवा. वेग कुठंच कमी करावा लागला नाही. भेग आली की कडेला उभा असलेला माणूस दिवा हलवून वळण दाखवायचा. गिरिजा स्लेजमध्ये पाठीवर झोपून, हात काखेत धरून, ते दिवे येताना आणि मागं जाताना बघत होती. कुणी ओरडलं नाही, कुणी थांबवलं नाही. सगळ्यांनी नुसता हात वर केला. ज्यांच्या हाताला हात लागला नव्हता, ते सगळे हात तिनं त्या वाटेवर पाहिले.

दवाखान्याच्या दारात ती उतरली तेव्हा घड्याळात थोडी जागा शिल्लक होती. फार नाही. तिनं मीकाच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, आलेय मी. आणि मग, नर्सला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट, तिनं काही केलं नाही. थांबली. दोन इवले पाय, मग कंबर, ओढायचं नाही, येऊ द्यायचं. मग खांदे, एक, मग दुसरा. मग शेवटचा, जीव मुठीत धरायला लावणारा क्षण. डोकं. आणि मूल आलं, निळसर, मुकं.

नर्सचा बिनतारी फोन चालूच राहिला होता. त्या तीस किलोमीटरच्या वाटेवर, बर्फाच्या धुरळ्यात, आपापल्या दिव्यापाशी उभी असलेली माणसं कान लावून होती. त्यांना गिरिजाचा आवाज ऐकू आला, ती मराठीत काहीतरी पुटपुटत होती. कुणाला कळलं नाही, पण नाव कुणाचं घेतेय ते सगळ्यांना समजलं. मग काहीच नाही. वारा. आणि मग रडणं. बारीक, चिडलेलं, चांगलं खणखणीत रडणं.

तळ्याच्या काठावर, रिकाम्या पाकोळीशेजारी उभ्या असलेल्या एलिसापीआजीनंही ते ऐकलं. चाळीस वर्षांनी तिच्या गावात कुणीतरी पहिल्यांदा रडलं होतं. ती तिथंच बर्फावर बसली. सोबतचा माणूस घाबरून जवळ गेला, तर ती हसत होती.

मुलगी झाली होती. आपल्याकडं म्हणतात, पायाळूला जमिनीखालचं पाणी दिसतं. या पोरीनं तर समुद्र उघडला तेव्हाच यायचं ठरवलं.

निरंजननं अहवाल लिहिला, काही लपवलं नाही. विमान पोचलं नाही, माझं गणित अपुरं पडलं, असं सरळ लिहिलं. खात्यातल्या बाईंनी फोन करून विचारलं, विमान तळ्यावर थांबलं तर सुईण वेळेत पोचली कशी? निरंजन म्हणाला, गाव आलं. त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यानं मग सगळं सांगितलं. त्यांनी अटींचा कागद पुन्हा उघडून वाचला. शेवटी म्हणाल्या, अटीत हाक ते हात एवढंच लिहिलंय, विमान असा शब्दच नाही.

तुलिमाकला खोली उघडली. आणि निरंजननं यंत्राला नवी गोष्ट शिकवली. आता त्या नकाशात वाऱ्याबरोबर माणसंही असतात. आज कोण किती पुढं येऊ शकेल, कुठल्या वळणावर कोण उभं राहील, हे गाव स्वतः सांगतं, आणि वाट त्या बेतानं आखली जाते. वारा आटला तरी पोचायची एक तजवीज असते. उत्तरेतल्या बाकीच्या गावांनीही ते उचललं. दोन गावांमधला वेळ किती, या प्रश्नाचं उत्तर आता तिथं एका आकड्यात देत नाहीत. कोण सामोरं येणार आहे, असं आधी विचारतात.

वसंतात निरंजन स्वतः तुलिमाकला गेला. पट्टीच्या बाहेर, एक लाल दोरी बांधून, तिच्यामागं सगळं गाव ओळीनं उभं होतं. तो पहिल्यापासून निघाला. प्रत्येकाचा हात घेतला. शिकाऱ्यांचे खरखरीत, पोरांचे चिकट, मीकाच्या झोळीतल्या पोरीची करंगळीएवढी मूठ. एलिसापीआजी या वेळी ओळीच्या आरंभी नव्हती. मुद्दाम शेवटी जाऊन उभी राहिली होती, म्हणजे त्याला सगळी ओळ चालून यावं लागावं.

“आज घाई नाही ना?” तिनं विचारलं.

“नाही, आजी.”

तिनं हात धरला तो सोडलाच नाही. तसाच धरून त्याला घरापर्यंत घेऊन गेली.

पुढं दोन हिवाळ्यांनी ती गेली. त्या लोकांत रीत आहे, गेलेल्याचं नाव येणाऱ्याला देतात, आणि मग त्या लेकराला त्या माणसाचा मान मिळतो. तुलिमाकच्या खोलीत त्यानंतर जन्मलेल्या पोरीचं नाव एलिसापी. अजून ती रांगते आहे, आणि ऐंशी वर्षांचे शिकारी तिच्यापुढं वाकून तिला आजी म्हणतात. विमान आलं की तिला कडेवर घेऊन दोरीपाशी आणतात, आणि उतरणारा आधी तिचा हात घेतो.

झालं आख्यान. उठायची घाई करू नका, प्रसाद यायचाय. एवढंच मागते. तुमच्याकडं कुणी लांबून यायचं असेल, आणि घरात बसून वाट बघायचा कंटाळा आला, तर चपला घाला आणि चार पावलं पुढं जा. कोपऱ्यापर्यंत, नाहीतर नुसतं फाटकापर्यंत. आणि जाताना त्या बर्फातल्या, तळ्याच्या काठावर दिवा धरून उभ्या राहिलेल्या एलिसापीआजीची आठवण ठेवा. आपल्यातल्या कुणी तिला पाहिलं नाही. पण ती पुढं येऊन उभी होती.